नेम लहान करावा, मोडू नये

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



मागच्या गुरुवारी उपासना झाल्यावर प्रसाद वाटताना एका ताईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, "घरात आजारपण आलंय. आधी पोथी सुटली, मग माळ सुटली. आता पुन्हा बसायचीच लाज वाटते. काय करू?" तिथे गडबडीत मला धड उत्तर देता आलं नाही. घरी आले, संध्याकाळी गमल्यांना पाणी घालायला घेतलं आणि उत्तर आठवलं, कारण सात वर्षांपूर्वी ते मला त्या गमल्यांपाशीच मिळालं होतं. म्हणून या महिन्याचा अभ्यासपाठ बागेचा आहे. (आम्ही इंदूरची माणसं कुंडीला गमलाच म्हणतो, तेवढं सांभाळून घ्या.)

ज्यांच्याकडे बाग आहे त्यांना यातली माहिती उपयोगी पडेल. ज्यांच्याकडे नाही त्यांनी झाडाच्या जागी आपला नेम ठेवून वाचावं.

*१. ती हाक*

तेव्हा माझ्याकडे ६४ गमले होते. अंगणात, जिन्यावर, गच्चीवर. आमच्याकडे नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, तेही सकाळी तासभर. त्या तासात टाकी भरायची, पिण्याचं भरायचं आणि उरलेल्या वेळात पाईप धरून बाग भिजवायची, अशी माझी कसरत असे.

मे महिन्याचा शेवट होता, नौतपा सुरू झालेला. सूर्य रोहिणी नक्षत्रात गेल्यानंतरचे हे नऊ दिवस, साधारण २५ मे ते २ जून. माळव्यात या दिवसांत गच्चीवरच्या फरशीवर पाय ठेववत नाही. त्या सकाळी मी गच्चीवर पाईप धरून उभी होते आणि खालून सासूबाईंची हाक आली. आम्ही त्यांना आईच म्हणायचो. त्यांचे गुडघे गेलेले होते, आधाराशिवाय चालता येत नव्हतं. मी हाक ऐकली. मनात म्हटलं, शेवटचे चार गमले राहिलेत, पाणी जाईल. दुसरी हाक आली. तीही ऐकली.

तिसरी हाक आलीच नाही. आवाज आला तो पडल्याचा. खुब्याचं हाड मोडलं होतं.

आता खरं सांगते. त्या दोन हाकांच्या मध्ये माझ्या मनाने चक्क संत सावता महाराजांना पुढे केलं होतं. अरणच्या सावता महाराजांनी मळा हीच पंढरी मानली, ते विठ्ठलाला भेटायला पंढरपूरला गेले नाहीत. आजही पांडुरंगाची पालखीच अरणला त्यांच्या भेटीला येते. हे मीच सत्संगात चार वेळा सांगितलेलं. म्हणजे झाडांना पाणी घालते आहे ही सेवाच की! पण सावता महाराजांनी मळ्यात काम करताना आपलं कर्तव्य टाळलं नव्हतं, कर्तव्यातच देव पाहिला होता. मी मात्र देवाचं नाव घेऊन कर्तव्य चार गमले लांबवलं. आपल्या आवडीला सेवेचं नाव देणं किती सोपं असतं, ते त्या दिवशी कळलं.

*२. नख लावून बघ*

पुढचे पंधरा दिवस दवाखाना, ऑपरेशन, मग घरी आणणं. त्या काळात बागेला वेळ नव्हता हे खरं, पण पूर्ण खरं नाही. मला त्या पाईपकडे बघवत नव्हतं. रागच आला होता, झाडांचा आणि स्वतःचा. मुलगा आठवण झाली की एखादी बादली ओतायचा, तेवढंच. अकरा माळांचा नेम होता, तोही थांबवला. आपण कुठल्या तोंडाने जप करायचा, असं वाटायचं. म्हणजे त्या ताईंची लाज मला परकी नाही.

बाग वाळली. अंगणातली तुळसही वाळली. शेजारच्या एक बाई म्हणाल्या, "तुळस जाणं काही चांगलं नाही हो." मी आणखीनच खचले.

जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात पहिला पाऊस पडला. खिडकीतून मातीचा वास आत आला आणि आईंनी पलंगावरून विचारलं, "मोगऱ्याचं काय गं?"

मी म्हटलं, "सगळं गेलं, आई."

"सगळं नसेल गेलं. नख लावून बघ."

हे ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. झाड वाळल्यासारखं दिसलं तरी लगेच उपटू नये. फांदीची साल नखाने अगदी हलकी खरवडावी. आत हिरवं, ओलसर दिसलं तर ती फांदी जिवंत आहे. आत तपकिरी आणि कोरडं असेल तर फांदी गेली. वरची फांदी गेली तरी खाली बुंध्यापाशी पुन्हा नख लावून बघावं, कारण झाड वरून खाली वाळत येतं आणि जीव शेवटपर्यंत मुळाजवळ धरून ठेवतं.

मी पावसात भिजत ६४ गमले तपासले. अकरा जिवंत निघाले. मोगरा, दोन जास्वंदी, तगर, कढीपत्ता आणि उत्तरेच्या भिंतीच्या सावलीतले काही. मेलेल्या फांद्या हिरव्यापर्यंत कापल्या. आई म्हणाल्या, "अकरा पुष्कळ झाले. त्यातले पाच माझ्या खिडकीत ठेव, मला दिसतील."

त्या पाच गमल्यांना पाणी घातलं की मुरेपर्यंत मी तिथेच आईंच्या पलंगाशी बसायचे. तेवढ्या वेळात एक माळ होई. अकरा नव्हे, एक. पण ती कधी चुकली नाही.

बऱ्याच महिन्यांनी मी त्यांना सांगितलं, "आई, त्या दिवशी मी हाक ऐकली होती." त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "मला ठाऊक होतं. पाणी गेलं की येशील, हेही ठाऊक होतं. मलाच धीर धरवला नाही." त्यानंतर त्या अडीच वर्षं होत्या. क्षमा केली असं त्या शब्दांत म्हणाल्या नाहीत, पण रोज सकाळी मोगरा मोजून किती कळ्या ते मला सांगायच्या.

अवधूतांनी चोवीस गुरू केले, त्यांत पहिली पृथ्वी. तिच्याकडून क्षमा शिकायची. आपण हे नेहमी ऐकतो. मला ती क्षमा आईंच्या खोलीत पाहायला मिळाली.

*३. प्रत्येक ऋतूचं काम वेगळं*

पाच गमल्यांची बाग करताना मला एक गोष्ट उमगली. पूर्वी मी बाराही महिने एकाच जोमाने बाग करायचे, आणि म्हणून दमायचे. बाग तशी मागणीच करत नाही. ती ऋतूप्रमाणे मागते.

🌿 *चैत्र ते ज्येष्ठ:* हा फक्त जगवण्याचा काळ. या दिवसांत गमला बदलू नये, जोरदार छाटणी करू नये, खताचा मारा करू नये. सगळे गमले एकमेकांना चिकटवून पूर्वेच्या बाजूला आणावेत, म्हणजे दुपारचं ऊन चुकतं आणि एकमेकांची सावली मिळते. मातीवर वाळक्या पानांचा दोन-तीन बोटं जाड थर द्यावा, ओल टिकते. पाणी सकाळी लवकर किंवा सूर्य मावळल्यावर. कूलरच्या टाकीत उरलेलं पाणी रोज घालू नये, ते आटत जातं तसे त्यात क्षार वाढतात. डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी मात्र चालतं.

🌿 *आषाढ ते भाद्रपद:* वाढीचा काळ. आमची काळी माती पाण्याने फुगते, चिकट होते आणि गमल्याचं भोक बुजवते. तेव्हा गमले विटांवर उचलून ठेवावेत आणि भोकात काडी घालून मोकळं करावं. जास्वंद, तगर, कण्हेर यांच्या पेन्सिलएवढ्या जाड, वीतभर फांद्या याच दिवसांत लागतात. दसऱ्याला झेंडू हवा असेल तर पेरणी पावसाच्या सुरुवातीलाच करावी, कारण बियापासून फुलापर्यंत दोन-अडीच महिने लागतात. जास्वंदीवर कापसासारखी पांढरी कीड आली तर एक लिटर पाण्यात चमचाभर कडुनिंबाचं तेल आणि भांड्यांच्या साबणाचे चार थेंब घालून संध्याकाळी फवारावं. गमल्याखालच्या ताटल्या आठवड्यातून एकदा उलट्या कराव्यात. डेंग्यूचा डास तेवढ्याशा पाण्यातही वाढतो.

🌿 *आश्विन-कार्तिक:* पेरणीचा दुसरा काळ. नवरात्र संपलं की मेथी, पालक, कोथिंबीर. धणे हलके रगडून दोन भाग करून पेरावेत आणि आठ-दहा दिवस धीर धरावा. मेथी तीन-चार दिवसांत वर येते आणि महिन्याभरात काढायला होते. घरात आजारी माणूस असेल तर त्याच्या नजरेसमोर मेथी पेरा, रोज बदल दिसतो. गुलाबाची छाटणीही याच सुमारास.

🌿 *मार्गशीर्ष ते माघ:* विश्रांतीचा काळ. पाणी कमी, आणि तेही ऊन वर आल्यावर. बरीच झाडं या दिवसांत थांबलेली असतात. कढीपत्त्याची पानं गळतात, ती आजारी म्हणून नव्हे. जास्त पाणी आणि जास्त खत घालून त्याला हलवू नये. जानेवारीच्या शेवटी मोगरा छाटावा, म्हणजे चैत्रात कळ्या धरतात.

🌿 *फाल्गुन:* माती बदलायचा काळ. दोन भाग माती, एक भाग खत, एक भाग वाळू आणि मूठभर निंबोळी पेंड. नुसती काळी माती गमल्यात घालू नये.

हे वेळापत्रक माळव्याचं आहे. ग्वाल्हेरच्या भगिनींकडे थंडी अधिक कडक, त्यांनी पौषात नाजूक रोपं रात्री झाकावीत. गोव्यात पाऊस आमच्या तिप्पट आणि आधी येतो, तिथे चिंता पाणी साठण्याची नसून माती वाहून जाण्याची असते. बेळगावकरांना उन्हाळा सौम्य मिळतो, हैदराबादकरांना जवळपास आमच्यासारखाच. आपापल्या गावचं आभाळ बघून बदल करावा.

यातून घ्यायचं ते एवढंच. वैशाखात फूल नाही म्हणून मोगऱ्याला आपण नालायक ठरवू, पण पौषात ठरवत नाही, कारण तो त्याचा थांबण्याचा काळ आहे हे आपल्याला माहीत असतं. मग स्वतःच्या आयुष्यातला पौष आपण का ओळखत नाही? सुनेचं बाळंतपण, नातवंडाचा ताप, सासऱ्यांचा दवाखाना हे सगळे ऋतूच आहेत. त्या ऋतूत अकरा माळा होत नसतील तर तो अपराध नाही. पाणी मात्र कमी करायचं असतं, तोडायचं नसतं.

*४. तुळशीबद्दल दोन शब्द*

पुष्कळ भगिनी तुळस वाळली की घाबरतात, म्हणून हे मुद्दाम लिहिते. तुळस हे मुळातच थोड्या आयुष्याचं झुडूप आहे. दोन-तीन वर्षांत खोड लाकडासारखं होतं, मंजिऱ्या भरभरून येतात आणि बी धरलं की झाडाचा जोर ओसरतो. थंडीही तिला सोसत नाही. कार्तिकात थाटात लग्न लावलेली तुळस पौषात काळवंडली तर त्यात घरावरचं संकट शोधू नये.

करायचं ते असं. मंजिऱ्या दिसू लागल्या की खुडाव्यात, म्हणजे झाड पसरतं. काही मंजिऱ्या मात्र वाळू द्याव्यात आणि त्यांचं बी कागदाच्या पुडीत जपावं. वृंदावनात रोज तांब्याभर पाणी घालण्याची आपली श्रद्धा असते, पण थंडीत आणि पावसात माती ओली असेल तर चमचाभर पाण्यानेही भाव पोचतो. तुळशी मुळं कुजून जाताना मी जास्त पाहिल्या आहेत, तहानेने कमी.

माझी तुळस त्या उन्हाळ्यात गेली. नख लावलं तर आत तपकिरी निघाली, अगदी मुळापर्यंत. पण पाऊस सुरू झाल्यावर बारा-पंधरा दिवसांनी मेलेल्या गुलाबाच्या गमल्यात तुळशीची सात रोपं उगवलेली दिसली. बी कधी पडलं होतं कोण जाणे. आजची आमची तुळस त्यांच्यातलीच पुढची.

*५. वाया गेलेल्याचं खत*

मग मेलेल्या ५३ गमल्यांचं काय केलं? त्यातली वाळकी झाडं कापून त्यांचं खत केलं. आणि इथे इंदूरकर म्हणून थोडा अभिमानाने सांगते. अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज शास्त्रज्ञ १९२४ ते १९३१ या काळात आमच्या इंदूरच्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीत होते. आज तिथे कृषी महाविद्यालय आहे. तिथे त्यांनी आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी पालापाचोळा, शेण, गोमूत्र मुरलेली माती आणि राख यांचे थर रचून, ढीग वरखाली करून सुमारे तीन महिन्यांत खत करण्याची रीत बसवली. १९३१ साली दोघांचं त्यावरचं पुस्तक निघालं. ही रीत जगभर "इंदूर पद्धत" याच नावाने ओळखली जाते.

घरी एवढा खटाटोप नको. झाकणाच्या जुन्या बादलीला बाजूने आणि तळाला भोकं पाडा. भाज्यांची सालं, देवावरची निर्माल्याची फुलं, चहाचा धुतलेला चोथा असा ओला भाग एक आणि वाळकी पानं दोन, असे थर द्या. मध्ये मूठभर जुनं खत किंवा शेण. आठवड्यातून एकदा काठीने वरखाली करा. वास येऊ लागला तर ओलं जास्त झालंय, वाळकी पानं घाला. काहीच घडत नसेल तर कोरडं पडलंय, पाणी शिंपडा. शिजलेलं अन्न आणि तेलकट घालू नका. तीन महिन्यांत काळं, भुसभुशीत, पावसाच्या मातीसारख्या वासाचं खत मिळतं.

मेलेल्या झाडांच्या खतावर पुढच्या वर्षीची मेथी उगवली. ज्या चुकीची लाज वाटते तीही अशीच वापरायची असते. झाकून ठेवली तर ती सडते आणि वास येतो. वरखाली करत राहिलं, वारा लागू दिला, तर तिचं काहीतरी होतं. मी आज हे लिहिते आहे ते त्यासाठीच.

*६. जबाबदारी आली की काय करावं*

अनुभवाने ठरलेले चार नियम:

१) *गमले कमी करा.* अडचण येण्याची वाट न पाहता आत्ताच ठरवून ठेवा की वेळ आली तर कोणती पाच झाडं राखायची. बाकीची प्रेमाने वाटून टाका. माझे आता २२ गमले आहेत आणि पुरतात.

२) *जागा बदला.* बाग आजारी माणसाच्या खिडकीशी आणा. त्याला सोडून बागेत जावं लागू नये.

३) *दुसऱ्याचा हात लावून घ्या.* मुलीच्या बाळंतपणाला मी दीड महिना पुण्याला होते. यजमानांना २२ गमल्यांची यादी लिहून दिली असती तर एकही जगला नसता. मी फक्त सांगितलं, "बोट पेराभर मातीत घालायचं, कोरडं लागलं तर पाणी, ओलं लागलं तर नाही." दोन गेले, वीस राहिले, आणि त्यांना सकाळी बागेत उभं राहण्याची सवय लागली ती वेगळीच. आठ-दहा दिवस कोणीच नसेल तर पाण्याची बादली उंचावर ठेवून सुती कापडाची जाड वात एका टोकाने पाण्यात आणि दुसऱ्या टोकाने गमल्याच्या मातीत खोचावी. लहान गमल्यांना ओल पुरते.

४) *हाक आली की पाईप खाली ठेवा.* झाड एक दिवस थांबतं. नळाचं पाणी परवा पुन्हा येतं.

*मनन आणि या महिन्याचा नेम*

गुरुवारच्या बैठकीत या प्रश्नांवर बोलू या:

• माझ्या घरात सध्या कोणता ऋतू चालू आहे?
• ज्याला मी सेवा म्हणते, त्यात माझी आवड किती आणि सेवा किती?
• असा कोणता नेम आहे जो मी "गेला" म्हणून सोडून दिला, पण नख लावून पाहिलंच नाही?

ज्यांचा नेम सुटला आहे त्यांनी या महिन्यात फक्त एक माळ करावी. वेळ ठरलेली, जागा ठरलेली. शक्यतो एखाद्या रोपाला पाणी घालून, ते मुरेपर्यंत. रोप नसेल तर मेथीचे मूठभर दाणे एखाद्या डब्यात पेरा, सुरुवात होईल.

आणि ज्या ताईंनी विचारलं होतं त्यांना: लाज वाटते आहे म्हणजे आत अजून हिरवं आहे. गुरुवारी या. माळ विसरलात तरी चालेल, माझ्याकडे जादा आहे. येताना एक छोटा गमला आणते आहे, मोगऱ्याचा. आईंच्या खिडकीतल्याच मोगऱ्याच्या फांदीपासून केलेला आहे.

चुकलं-माकलं सद्गुरुचरणी अर्पण.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥ 🙏🌼

- एक सेविका, इंदूर